कर्ज आणि अनुशेष

2016 मध्ये देशात निघणाऱ्या प्रत्येक टन कोळशावर केंद्र सरकार 400 रुपये उपकर घेऊ लागलं. 2010 मध्ये हाच उपकर 50 रुपये होता आणि त्याचं नाव होतं स्वच्छ ऊर्जा उपकर. कोळसा हवा-पाणी बिघडवतो, तेव्हा भरपाईचा पैसाही कोळशातूनच यावा, असा त्यामागचा विचार. चंद्रपूरच्या माणसाला तो कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. उपकर सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या 88 औद्योगिक समूहांची तपासणी केली, तेव्हा अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्या पाठोपाठ चौथा क्रमांक चंद्रपूरचा आला होता. 100 पैकी 83.88 गुण, आणि इथे जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण.

2010-11 ते 2017-18 या आठ वर्षांत देशभरातून या उपकराचे 86,440 कोटी रुपये जमा झाले. त्यातले राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत गेले 29,645 कोटी. प्रत्यक्ष कामांवर खर्च झाले 15,911 कोटी. ज्या कामासाठी पैसा गोळा केला, त्या कामाला त्याचा पाचवा हिस्साही लागला नाही. निधीत न गेलेली रक्कम केंद्राच्या तिजोरीत राहिली आणि तिथे तिने एकच काम केलं, राजकोषीय तूट तेवढी कमी दाखवली. शिवाय हा उपकर. राज्यांना वाटून द्यायच्या करांमध्ये उपकर धरत नाहीत, त्यामुळे महाराष्ट्राच्या वाट्याला वाटणीतून काही येण्याचाही प्रश्न नव्हता. चंद्रपूरजवळच्या घुग्घुस आणि दुर्गापूरच्या धुळीची भरपाई म्हणून घेतलेला पैसा दिल्लीच्या ताळेबंदात शिस्तीचा पुरावा झाला.

ही शिस्त नेमकी कशाची मोजली जाते आणि कशाची मोजलीच जात नाही, हे चंद्रपूर-गडचिरोलीत उभं राहून पाहिलं की फार स्पष्ट दिसतं. या प्रकरणात तेवढंच करायचं आहे.

आधी नियम समजून घेऊ. केंद्राने 2003 मध्ये राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा केला. बाराव्या वित्त आयोगाने राज्यांना सांगितलं की तुम्हीही असा कायदा करा, तरच जुन्या कर्जात सवलत मिळेल. महाराष्ट्राने 2005 मध्ये केला. सूत्र दोन ओळींचं आहे. सरकारची राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभरात जेवढं नवं कर्ज काढावं लागतं ती रक्कम, देशाच्या किंवा राज्याच्या सकल उत्पादनाच्या 3 टक्क्यांच्या आत ठेवायची. आणि महसुली तूट, म्हणजे रोजच्या कारभाराचा खर्च रोजच्या उत्पन्नापेक्षा जेवढा जास्त होतो ती रक्कम, शून्यावर आणायची.

तीनच टक्के का? हा आकडा फ्रान्सचा. 1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष मितराँ यांना मंत्र्यांच्या वाढत्या मागण्यांना नाही म्हणता यावं म्हणून एक सोपा नियम हवा होता. अर्थखात्यातल्या गी आबेय नावाच्या तरुण अधिकाऱ्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने तो तासाभरात तयार केला. त्यामागे कुठलाही आर्थिक सिद्धांत नव्हता, हे आबेय यांनीच पुढे जाहीरपणे सांगितलं. 1992 च्या मास्ट्रिक्ट करारातून तोच आकडा युरोपभर झाला आणि तिथून जगभर गेला.

नियमाच्या बाजूने जे सांगितलं जातं त्यात तथ्य आहे, ते मान्य करून पुढे जायला हवं. कर्ज वाढलं की व्याज वाढतं आणि व्याज हा असा खर्च आहे की त्यात कपात करता येत नाही. निवडणुकीच्या तोंडावर वाटेल तशा घोषणा करणाऱ्या सरकारला लगाम हवा. महागाई भडकली तर पहिला मार हातावर पोट असणाऱ्यालाच बसतो. पण लगाम दोन घोड्यांना सारखा नाही. केंद्राने 2018 मध्ये आपल्या कायद्यातून महसुली तुटीचं उद्दिष्टच काढून टाकलं. 2024-25 मध्ये केंद्राची तूट 4.8 टक्के होती. राज्याला मात्र संविधानाच्या कलम 293 नुसार, केंद्राचं कर्ज अंगावर असेपर्यंत, नवं कर्ज काढायला केंद्राची संमती लागते. नियम ज्याने लादला तो त्यातून सुटला, ज्याच्यावर लादला तो अडकून राहिला.

माझा खरा आक्षेप मात्र तीन टक्क्यांवर नाही, महसुली तुटीवर आहे.

सरकारी हिशेबात खर्चाचे दोन भाग पडतात. इमारत, पूल, रस्ता, यंत्र हा भांडवली खर्च. पगार, मानधन, औषधं, मुलांचा आहार, वसतिगृहाचं किराणा सामान हा महसुली खर्च. भांडवली खर्चातून मालमत्ता उभी राहते म्हणून तो चांगला. महसुली खर्च खाऊन संपतो म्हणून तो आवरायचा. कर्ज काढा, पण फक्त पहिल्यासाठी काढा, असं हे तत्त्व सांगतं. कानाला शहाणपणाचं वाटतं. गडचिरोलीत त्याची परीक्षा तीस वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या 39 गावांत 1995 ते 1998 या काळात एक प्रयोग केला. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळंतपणाच्या वेळी हजर राहायचं, नवजात बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, आईला पाजायला मदत करायची, जंतुसंसर्ग ओळखायचा आणि वेळ पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायचं. दवाखाना लांब होता, पावसाळ्यात वाटा बंद होत होत्या, म्हणून उपचारच घरात नेले. तिसऱ्या वर्षी या गावांमधले नवजात मृत्यू, प्रयोग न झालेल्या शेजारच्या गावांशी तुलना करता, 62 टक्क्यांनी कमी झाले होते. खर्च आला एका बाळामागे सुमारे सव्वापाच डॉलर. डिसेंबर 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने हे निष्कर्ष छापले, आणि 2011 पासून केंद्र सरकारने हीच पद्धत गावोगावच्या आशा सेविकांमार्फत देशभर नेली.

आता हा खर्च सरकारी वहीत कुठे लिहायचा? प्रशिक्षण, मानधन, औषधं, वजनकाटे, गरम पिशव्या. यातलं जवळपास सगळं महसुली. जे मूल जगलं, मोठं झालं, आज धानाच्या बांधीत किंवा पोलीस भरतीच्या मैदानात उभं आहे, ते या वहीत मालमत्ता म्हणून कुठेच दिसत नाही. गावाबाहेर बांधलेलं आणि परिचारिका नाही म्हणून कुलूप लागलेलं उपकेंद्र मात्र मालमत्ता म्हणून दिसतं. नियम पाळणाऱ्या अर्थमंत्र्यापुढे कुलूपबंद इमारत आणि भरलेलं पद असे दोन पर्याय आले, तर वही त्याला इमारतीकडे ढकलते. 2020-21 पासून केंद्र राज्यांना पन्नास वर्षांच्या मुदतीचं बिनव्याजी कर्ज देतं. तेही भांडवली कामांसाठीच.

मी रस्ते आणि पुलांच्या विरोधात नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं आणि ज्याच्या घरात तेव्हा बाई अडलेली असते त्याला पुलाचं मोल कुणी शिकवायला नको. पण पुलावरून येणारी परिचारिका नेमलेलीच नसेल, तर पूल ओलांडून येणार कोण? सिमेंट आणि माणूस दोन्ही लागतात. नियम यातल्या एकालाच गुंतवणूक मानतो. आशा तर अजून 'स्वयंसेविका'च आहे. 2024 च्या सुरुवातीला राज्यभरातल्या आशांना मानधनवाढीसाठी संप करावा लागला, थंडीत आझाद मैदानावर बसावं लागलं, तेव्हा वाढ पदरात पडली.

उत्पन्न कोसळतं तेव्हा हा नियम काय करतो, ते 2020 मध्ये दिसलं. टाळेबंदीत कर येणं थांबलं आणि 4 मे 2020 ला राज्य सरकारने आदेश काढला. विकासकामांवर त्या वर्षी तरतुदीच्या 33 टक्केच खर्च करायचा, नवी कामं घ्यायची नाहीत, आरोग्यासारखे अपवाद सोडून नवी भरती करायची नाही. त्याच सुमारास खाणबाधित लोकांसाठी असलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या शिल्लक निधीतला 30 टक्क्यांपर्यंतचा भाग करोनासाठी वापरायची मुभा केंद्राने दिली. करोनासाठी पैसा लागणार होताच. पण देशावर आलेल्या संकटाचा खर्च कोळशाची धूळ खाणाऱ्या जिल्ह्याच्या राखीव पैशातून, ही वाटणी मला तेव्हाही पटली नव्हती. अशा वेळी सरकारने कर्ज काढून खर्च वाढवायचा असतो, हे केन्सने नव्वद वर्षांपूर्वी मांडलं. केंद्राने राज्यांची कर्जमर्यादा 3 वरून 5 टक्के केलीही, पण वाढीव दोन टक्क्यांतला अर्धा टक्काच बिनशर्त होता.

आता जमेच्या बाजूकडे वळू. इथे वही आणखी फसवी आहे.

कोळशावर 14 टक्के आणि लोहखनिजावर 15 टक्के स्वामित्वधन राज्याला मिळतं. दर ठरवतं केंद्र. हा पैसा अर्थसंकल्पात करेतर महसूल म्हणून लिहिला जातो, म्हणजे रोजचं उत्पन्न. एखाद्या शेतकऱ्याने दोन एकर विकले आणि आलेली रक्कम त्या वर्षीच्या कपाशीच्या उत्पन्नात लिहिली, तर वहीत ते वर्ष सोन्याचं दिसेल. सरकार नेमकं तेच करतं. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात 348 हेक्टरचा खाणपट्टा 2007 मध्ये दिला गेला. 2023 मध्ये तिथलं उत्खनन वर्षाला 30 लाख टनांवरून एक कोटी टनांवर न्यायला पर्यावरण मंजुरी मिळाली. जितकं जास्त खणाल तितकी महसुली तूट कमी, तितकं राज्य शिस्तीचं. डोंगर कमी झाल्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. माडिया गोंडांसाठी त्याच डोंगरावर ठाकूरदेव आहे, ही गोष्ट तर हिशेबाच्या पलीकडचीच.

याला तोड आहे, आणि ती शेजारच्या गोव्यात निघाली. गोवा फाउंडेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 ला आदेश दिला की लोहखनिजाच्या विक्रीतले 10 टक्के कायमस्वरूपी निधीत टाकावेत. खनिज ही पिढ्यांची वारसाहक्काची ठेव आहे. ती विकली तर आलेला पैसा ठेव म्हणूनच राहिला पाहिजे, चालू खर्चात विरघळता कामा नये, हा युक्तिवाद गोव्यातले कार्यकर्ते वर्षानुवर्षं मांडत आले. चंद्रपुरात शतकाहून अधिक काळ कोळसा निघतो आहे. असा निधी तेव्हाच सुरू झाला असता तर आज त्याच्या व्याजावर जिल्ह्यातल्या किती शाळा चालल्या असत्या, याचा विचार करून पाहावा.

जंगलाचं असंच. गडचिरोलीचं सुमारे 69 टक्के क्षेत्र वनाच्छादित आहे. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांची राज्यांत वाटणी करताना जंगलाला 10 टक्के भार दिला, चौदाव्याने साडेसात दिला होता. म्हणजे गडचिरोलीच्या झाडांमुळे मुंबईच्या तिजोरीत पैसा येतो. तो जंगल राखणाऱ्या जिल्ह्याकडे वळवावा असं कसलंही बंधन मात्र या सूत्रात नाही. राखण इथे, वाटा तिथे.

आणि ज्या दिवशी गावाने जंगलातून स्वतः कमावलं, त्या दिवशी कर दारात आला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्याआधी इथला बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जाई. मोठ्या उद्योगाला मिळणारी ती सवलत तूट म्हणून कधी कुणी मोजली नाही. मेंढ्याचे ग्रामनेते देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांना मात्र हक्क मिळूनही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी 27 एप्रिल 2011 पर्यंत भांडावं लागलं. त्या दिवशी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या नियमांमुळे शेकडो ग्रामसभा स्वतः तेंदूपत्त्याचा लिलाव करू लागल्या. उन्हाळ्यात पहाटे जंगलात जायचं, दुपारी अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. वर्षातली हीच रोख कमाई. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि या पानावर 18 टक्के कर बसला. 2017 च्या हंगामात चढलेले भाव 2018 मध्ये कोसळले. त्यामागे ठेकेदारांची इतर गणितंही होती, पण कर भरतो ठेकेदार आणि कापला जातो मजुराच्या भावातून, हे फळीवरच्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. दर 5 टक्क्यांवर यायला सप्टेंबर 2025 उजाडला.

विदर्भात एक हिशेब मात्र लहान पोरालाही माहीत असतो, अनुशेषाचा. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने 1984 मध्ये राज्यातल्या विभागांमधली दरी पहिल्यांदा रुपयांत मांडली. एकूण अनुशेष 3,186.77 कोटी, त्यातला विदर्भाचा 1,246.54 कोटी. मला यात मोठी गोष्ट दिसते ती आकड्यापेक्षा पद्धतीची. दांडेकरांनी सिंचन, रस्ते, शाळा, दवाखाने यांत जो जिल्हा मागे आहे त्याचं सरकार किती देणं लागतं, हे सांगितलं. हे देणं खरं होतं. पण बँकेचं देणं चुकवलं तर सरकारची पत जाते. अनुशेष चुकवला तर काहीच होत नाही. अनुशेषावर लक्ष ठेवणाऱ्या वैधानिक विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली आणि शेअर बाजाराने मानसुद्धा वळवली नाही.

डॉ. विजय केळकर यांच्या कामात हे दोन्ही हिशेब एकत्र येतात, म्हणून त्यांचा उल्लेख करायलाच हवा. राजकोषीय कायदा कसा राबवायचा याचा आराखडा 2004 मध्ये त्यांच्या कृतिदलाने दिला. पुढे तेराव्या वित्त आयोगाचे ते अध्यक्ष होते. आणि महाराष्ट्राच्या समतोल प्रादेशिक विकासावरचा 2013 चा अहवालही त्यांच्याच समितीचा. एकाच अर्थतज्ज्ञाने राज्याच्या दोन देण्यांचा विचार केला. पहिल्याच्या मागे कायदा आहे, वार्षिक विवरणपत्रं आहेत, रिझर्व्ह बँकेचं लक्ष आहे. दुसऱ्याचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला आणि तिथेच राहिला.

म्हणूनच 2025-26 च्या अर्थसंकल्पात 45 हजार कोटींहून अधिक महसुली तूट दिसली, तरी राजकोषीय तूट तीन टक्क्यांच्या आत आहे असं राज्य सांगू शकलं. ती आत ठेवण्यासाठी कुणाचा खिसा चाचपला? मे 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी आदिवासी विकास विभागाचे 335.70 कोटी आणि सामाजिक न्याय विभागाचे 410.30 कोटी वळवले गेले. बाईच्या हातात महिन्याला दीड हजार येणं मला मोलाचं वाटतं, त्याची टिंगल करणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण यातला आदिवासी विकास विभागाचा पैसा सुकथनकर समितीच्या सूत्रानुसार 1990 च्या दशकापासून आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात बाजूला काढून ठेवलेला आहे. एका गरीब बाईला देण्यासाठी दुसरीच्या मुलीच्या आश्रमशाळेचा वाटा घ्यायचा, आणि दोघींपेक्षा वरच्यांवर कर लावायचा विषयच काढायचा नाही, याला काटकसर म्हणता येत नाही.

वरच्यांवर कर लावून गरिबाचा हक्क उभा करणं महाराष्ट्राला नवं नाही. वि. स. पागे यांची रोजगार हमी 1972 च्या दुष्काळात राज्यभर गेली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम द्यायचं, हे आधी ठरलं. मग पैसा कुठून, हा प्रश्न आला, तेव्हा 1975 मध्ये नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. गावातल्या मजुराच्या हक्कासाठी शहरातल्या पगारदाराने पैसे द्यायचे, हे सगळ्या पक्षांनी मान्य केलं होतं. तो कर आजही आपल्या पगारातून कापला जातो, दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300. संविधानातली त्याची कमाल मर्यादा 1988 मध्ये वर्षाला 2,500 केली आणि तिथेच ती थांबली आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला 2,500 आणि वर्षाला कोट्यवधी कमावणाऱ्या अधिकाऱ्यालाही 2,500. ही मर्यादा उत्पन्नाबरोबर वाढायला हवी आणि तशी घटनादुरुस्ती महाराष्ट्राने मागायला हवी.

प्रवास मात्र उलटा चालला आहे. पाग्यांच्या कल्पनेवरून देशाने घेतलेली रोजगार हमी फेब्रुवारी 2006 मध्ये पहिल्या 200 जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही होते. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने तिच्या जागी नवा कायदा मंजूर केला. कामाचे दिवस 100 वरून 125 झाले, पण बहुतेक राज्यांवर खर्चाचा 40 टक्के वाटा आला आणि कुठल्या राज्याला किती पैसा हे आधीच ठरवायचं असं झालं. मागणी येईल तसा पैसा, ही हमीची मूळ अट होती. आता पैसा असेल तशी मागणी. तीन टक्क्यांची रेघ सांभाळणारं राज्य आपला 40 टक्के वाटा कुठून आणणार, आणि नाही आणला तर कोरचीतल्या मजुराने 'हमी' दाखवून कुणाला विचारायचं?

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2024 ला नऊ न्यायाधीशांच्या पीठातून निकाल दिला की स्वामित्वधन हा कर नाही आणि खनिज हक्कांवर कर लावायचा अधिकार राज्यांना आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या हातात आता एक साधन आहे. त्यातून आलेला पैसा महसुलात न टाकता गोव्यासारख्या कायम निधीत टाकावा, आणि त्याचं व्याज फक्त खाणींच्या आणि जंगलाच्या तालुक्यांतल्या माणसांवर खर्च व्हावं, अशी मागणी चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून करावी.

दुसरी मागणी त्याहून साधी, तिला पैसाही लागत नाही. राजकोषीय कायद्याखाली अर्थमंत्री दरवर्षी अर्थसंकल्पासोबत तुटीची आणि कर्जाची विवरणपत्रं सभागृहासमोर ठेवतात. त्याच कायद्यात दुरुस्ती करून अनुशेषाचं विवरणपत्र त्यांच्यासोबत ठेवायला लावावं. जिल्हावार नको, तालुकावार हवं, कारण जिल्ह्याच्या सरासरीत जिवती बल्लारपूरच्या मागे आणि भामरागड देसाईगंजच्या मागे लपतं. रकाने पाच पुरेत: परिचारिकांची मंजूर आणि रिकामी पदं, शिक्षकांची मंजूर आणि रिकामी पदं, आशा आणि अंगणवाडी सेविकांचं थकलेलं मानधन, ग्रामसभांचा अडकलेला तेंदू आणि बांबूचा पैसा, आणि त्या तालुक्यातून वर्षभरात बाहेर गेलेलं खनिज टनांत.